चक्र गोल दिसतंय का?

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडलेला असतो. व्हिडिओ एक्सपोर्ट केला की चौकटीचा आकार आपोआप का बदलतो? आत घातला ७२० बाय ५७६, बाहेर आला १०२४ बाय ५७६. कुणाच्या १४४० चे १९२० होतात, कुणाचा उभा व्हिडिओ आडवा पडतो, कुणाला दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या मिळतात. मग आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. बहुतेक वेळा त्याचा दोष नसतो.

फौजेत नकाशा हातात आला की आधी त्याचं प्रमाण वाचायचं, ही सवय. एक लाखाचा नकाशा पन्नास हजाराचा समजून वाचलात तर जमीन जागची हलत नाही, पण तुमचा हिशेब चुकतो. व्हिडिओचं तसंच आहे. फाइलमध्ये दोन गोष्टी असतात. एक म्हणजे साठवलेले ठिपके, म्हणजे पिक्सेल. दुसरी म्हणजे ते ठिपके पडद्यावर किती रुंद दाखवायचे याची सूचना. आकार ‘बदलला’ असं वाटतं तेव्हा आधी विचारायचं : ठिपके बदलले की सूचना?

हे दुहेरी प्रकरण आलं कुठून? आपल्याकडे दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ ला इथे दिल्लीत सुरू झालं आणि १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी, रंगीत झालं. रंगासाठी आपण ‘पाल’ पद्धत घेतली. त्यात ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ चित्राच्या. पुढे हेच चित्र डिजिटल झालं तेव्हा प्रत्येक रेषेवर ७२० ठिपके ठरले. आता ७२० ला ५७६ ने भागा. उत्तर येतं १.२५. पण टीव्हीचा पडदा होता चारास तीन, म्हणजे १.३३. हिशेब जुळत नाही, कारण ते ठिपके चौरस नाहीत, किंचित रुंद आहेत. संगणकाचे ठिपके मात्र चौरस. म्हणून जुनी चित्रफीत चौरस ठिपक्यांत नेली की ७२० चे ७६८ होतात. काही सॉफ्टवेअर कडेचा भाग वेगळा मोजतात, तिथे ७८८ दिसतात. चित्र रुंद पडद्याचं, सोळास नऊचं असेल तर १०२४ किंवा १०५०. हा बिघाड नाही, त्रैराशिक आहे. एचडीव्ही कॅमेऱ्याच्या १४४० चे १९२० होतात तेही याच न्यायाने.

मोबाइलची गोष्ट वेगळी. उभा धरून काढलेला व्हिडिओ बरेच फोन आडवाच साठवतात आणि सोबत ‘९० अंश फिरवा’ अशी चिठ्ठी ठेवतात. एखाद्या सॉफ्टवेअरने ती चिठ्ठी वाचली नाही की माणसं आडवी. टाइमलाइन आडवी आणि क्लिप उभी असेल तर बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. म्हणून पहिली क्लिप टाकण्याआधी टाइमलाइनचा आकार ठरवा आणि एक्सपोर्टचा आकार तोच ठेवा.

हँडब्रेक वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. त्यात कडेच्या काळ्या पट्ट्या आपोआप कापायची सोय मुळातच चालू असते. अंधाऱ्या प्रसंगात ते चित्राचाही थोडा भाग पट्टी समजू शकतं. कापणी स्वतःच्या हाताने शून्य करा. आणि व्हीएलसीत १०८० च्या जागी १०८८ दिसले तर घाबरू नका. चित्र सोळा-सोळा ठिपक्यांच्या चौकोनांत बांधलं जातं, १०८० ला सोळाने भाग जात नाही, म्हणून खाली आठ रेषांची भर असते. ती पडद्यावर येत नाही.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी पुण्याला असतात. त्यांनी लग्नाची कॅसेट दुकानात देऊन फाइल करून घेतली. बघितली आणि मला नोएडाला फोन केला : “भाऊजी, हे असे नव्हते हो. चेहराच वेगळा दिसतोय.” कॅसेट ठेवायची की टाकायची, हेही त्या विचारत होत्या. मी म्हटलं, वहिनी, कॅसेटला हात लावू नका, फाइल पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते वाटेतच आकार कमी करतं.

फाइल ७२० बाय ५७६ ची होती, पण सूचना सोळास नऊची. म्हणजे ७६८ रुंदीचं चित्र १०२४ वर ताणलं जात होतं. प्रत्येक चेहरा एक तृतीयांश रुंद. एफएफएमपेग या मोफत साधनाने मी फक्त सूचना बदलून चारास तीन केली. एकही ठिपका नव्याने घडवला नाही. त्यांच्याकडे यजमानांचं हलतंबोलतं चित्र तेवढं एकच आहे.

आता कामाचा क्रम. आधी मूळ फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडा आणि चार गोष्टी कागदावर लिहा : रुंदी, उंची, दाखवण्याचं प्रमाण, फिरवणी. एक्सपोर्टनंतर त्याच चार गोष्टी पुन्हा बघा. फक्त सूचना चुकली असेल तर ती सुधारता येते. ताणलेलं चित्रच नव्याने घडवलं गेलं असेल तर पुन्हा दाबून जवळपास सरळ होतं, पण थोडी धार जाते. कडा कापली गेली असेल तर त्या फाइलमधून ती परत येत नाही. तेव्हा मूळ हवंच.

आणि आकडे नको असतील त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा. चित्रात समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा : भिंतीवरचं घड्याळ, आरतीचं ताट. २६ जानेवारीच्या संचलनाचं जुनं चित्रण असेल तर अंगावर फडकत नसलेला, सपाट दिसणारा तिरंगा शोधा. त्यावरचं अशोकचक्र गोल असलंच पाहिजे. ते अंड्यासारखं दिसलं तर चौकट चुकली.

जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून नवीन यंत्र मिळणं जवळपास संपलं. घरातल्या कॅसेटा आता पुन्हा पुन्हा वाजवता येतील याची खात्री नाही. म्हणून एवढंच ध्यानात ठेवा : गोल वस्तू गोल दिसल्याशिवाय मूळ कॅसेट घराबाहेर जाऊ द्यायची नाही.

पुढच्या भागात आवाज आणि चित्र मागेपुढे का होतात ते बघू. जय हिंद.