बोक्याची एक रात्र



सगळ्यांनी नातवंडांचं सांगितलं, मी आमच्या बोक्याचं सांगते. हसा खुशाल! हा कधी फ्लॅटबाहेर गेलेला नाही, पण खिडकीत कबुतर दिसलं की काचेआडून दात वाजवतो.

गेल्या वर्षी तो सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत बसायला लागला. पोट साफ होत नसेल म्हणून मी रात्र तशीच काढली. सकाळी डॉक्टर रागावले, अगदी आपल्या बाईंसारखे. लघवी तुंबली होती. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. ती बंद झाली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. नळी घातली, वाचला. तुमच्याकडे बोका असेल तर अशा वेळी सकाळची वाट बघू नका.

आता त्याला ओलं खाणं आणि भरपूर पाणी. घरभर चार वाडगी भरून ठेवलीत. साहेब पितात ते मात्र माझ्या पेल्यातलं.