मोटारीचीं फडकीं

मोटार पुसावयाच्या फडक्यांना स्वतंत्र जागा असावी, हें पुष्कळ मालकांना थट्टेचें वाटतें. परंतु उन्हांत रंगावर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे बहुधा फडक्यांत अडकलेल्या वाळूच्या कणांनींच उमटलेले असतात. म्हणून चाकांचें फडकें निराळें, काचेचें निराळें, आणि रंगाचें तर झांकणाच्या डब्यांतच ठेवावें. जमिनीवर पडलेलें फडकें रंगाला पुन्हा लावूं नये. तें चाकांसाठीं वापरावें. पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचीं हल्लींचीं फडकीं सुती कपड्यांबरोबर धुऊं नयेत. सुताची लव त्यांत गुंतते.

खरा धोका निराळाच आहे. जुन्या मोटारींच्या लांकडी भागांना जवसाचें तेल लावून झाल्यावर त्याचा बोळा कोंपऱ्यांत तसाच टाकला, तर तेल हवेंतील प्राणवायु शोषून तापूं लागतें. ढिगांत ती उष्णता कोंडते आणि ठिणगीवांचून बोळा पेट घेऊं शकतो. घडी तर अशा फडक्याची मुळींच घालूं नये. तें उघड्यावर एकेरी पसरून कडकडीत वाळवावें, किंवा पाण्यांत भिजवून घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावें. पेट्रोलचा डबा त्याच्या आसपासहि नसावा.