सारख्याच इमारती, घर कुठलं?

आम्ही दोंडाईच्याहून बोलतोय.

आमच्या गटातल्या एक आक्का पुण्याला लेकीकडे गेल्या. भाजी घेऊन परतल्या आणि सातव्या मजल्यावर बेल वाजवली. दार तेच, जाळी तीच, पण बाई परकी! शेजारची इमारत होती ती.

एकच नकाशा, एकच साचा. तोच परत परत वापरला की काम झटपट होतं, खर्च वाचतो. मग उंच इमारतींची रांगच उभी राहते. जळगावची महापालिकेची सतरा मजली मात्र लांबूनच ओळखू येते. मुंबईचा राजाबाई टॉवर तर प्रेमचंद रायचंद यांच्या आईच्या नावाचा, १८७८ सालचा. तसा दुसरा नाही.

आपल्याकडेही धाब्याची घरं जाऊन एकसारखे स्लॅब येताहेत. धाबं गळायचं, त्यावर माती टाकायचं काम आपल्याच माथी, म्हणून स्लॅब हवाच वाटतो. पण जाड भिंतींचा गारवा गेला, ओटाही गेला. प्रधानमंत्री आवास योजनेचं गावातलं घरकुल ठेकेदार नाही, आपणच बांधतो. तेव्हा ओटा कुठं, खिडकी कुठं, हे गवंडी यायच्या आधी घरात बोलून घ्या.

आक्कांनी पुण्याच्या खिडकीत आता लाल मिरच्यांची माळ टांगलीय. खालूनच दिसते म्हणे.