शहर हलवावे की नाही

(भिलाई येथील मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समुद्रापासून इतक्या दूर, पोलादाच्या या नगरीत येऊन चक्रीवादळाविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटले असेल. परंतु भिलाईचा समुद्राशी संबंध नाही असे मात्र म्हणता येणार नाही. येथील कोक भट्ट्यांना लागणारा परदेशी कोळसा विशाखापट्टणमच्या बंदरातून येतो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी 'हुदहुद' नावाचे वादळ त्या शहरावर चालून गेले आणि जमिनीवर आल्यावर त्याचा उरलासुरला जोर छत्तीसगडवरूनच उत्तरेकडे सरकला. त्या दिवसांतील पाऊस आपणांपैकी अनेकांना आठवत असेल.

मी आज ज्याचा विचार मांडणार आहे तो प्रश्न वादळ येण्याच्या आधीचा आहे. किनाऱ्यावर एक मोठे शहर आहे. त्याचा सखल भाग नेहमीच पाण्याखाली जातो. वेधशाळा सांगते की दोन दिवसांनी वादळ येण्याचा संभव आहे. आकाश तेव्हा निरभ्र असते, बाजार भरलेला असतो. अशा वेळी लोकांना घरे सोडण्यास सांगावे काय? हा प्रश्न एखाद्या जिल्हाधिकाऱ्याच्या किंवा महापौराच्या पुढ्यात येऊन पडतो, आणि त्याचे उत्तर त्याला घड्याळाकडे पाहत द्यावे लागते.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की चक्रीवादळात माणसे मरतात ती बहुधा वाऱ्याने नव्हे, पाण्याने. वारा समुद्राचे पाणी ढकलत किनाऱ्याकडे आणतो आणि ते भिंतीसारखे जमिनीवर चढते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसाच्या पारादीप–एरसमा भागात असे पाच ते सात मीटर उंचीचे पाणी आत शिरले. अधिकृत आकड्यांप्रमाणे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. वादळाची पूर्वसूचना नव्हती असे नाही. पण जावयाचे कोठे? पक्के निवारे फारच थोडे होते, आणि बारा दिवसांपूर्वीच गंजाम जिल्ह्यात एक वादळ येऊन गेले होते. ज्यांनी एक वादळ निभावलेले असते त्यांना दुसरेही निभावेल असे वाटते. हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

आता दुसरी बाजू पाहू. वादळ नेमके कोठे येईल हे आधी सांगता येत नाही. जसजसा अवधी कमी होतो तसतशी खात्री वाढते, पण तसतसा हातात वेळही उरत नाही. जून २०२० मधील 'निसर्ग' वादळाचे उदाहरण आपणां महाराष्ट्रीयांना जवळचे आहे. आरंभी हवामानखात्याने सांगितले की वादळ हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ, किनारा ओलांडेल. नकाशावर पाहा: हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरांचे आहे आणि त्याच्या मध्ये मुंबई आहे. कोरोनाची साथ ऐन भरात होती. निवाऱ्यात माणसे दाटीवाटीने ठेवावीत तर साथ पसरणार, न ठेवावीत तर समुद्राचे भय. वांद्रे-कुर्ला संकुलात उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयातील रोग्यांनासुद्धा वादळाच्या आदल्या दिवशी हलवावे लागले. महाराष्ट्र व गुजरात मिळून लाखाच्या आसपास लोकांचे स्थलांतर झाले.

३ जूनला दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि मुंबई बचावली. तीस-चाळीस मैलांच्या फरकाने एवढे काय बदलते, असे कोणी विचारील. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या दक्षिणेकडील वारे समुद्राचे पाणी जमिनीवर लोटतात, तर उत्तरेकडील वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. मुंबई उत्तरेला राहिली. तेच केंद्र मुंबईच्या थोडे वर सरकले असते, तर आजच्या या व्याख्यानाला निराळाच विषय मिळाला असता.

मग ज्यांना घराबाहेर काढले ते व्यर्थच काढले, असे म्हणावयाचे काय? माझ्या मते नाही. सोंगटी आधीच टाकावी लागते. दान कसे पडेल हे नंतर कळते. निर्णय योग्य होता की नाही हे त्या घटकेस हाती असलेल्या माहितीवरून ठरवावे, मागाहून काय घडले यावरून नव्हे. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली येथे प्राणहानी थोडी झाली, पण नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरण्यास काही वर्षे जातात. माणसे वाचली, त्यांची कमाई वाचली नाही. आणि स्थलांतराचा हिशेब मांडताना हा रकाना बहुधा कोराच राहतो.

परदेशातील अनुभव याहून कडू आहेत. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम वादळ येण्याच्या केवळ आदल्या दिवशी निघाला. ज्यांच्यापाशी मोटार होती ते गेले. जे गरीब, वृद्ध आणि आजारी होते ते मागे राहिले. 'कॅटरिना'ने हजाराहून अधिक बळी घेतले. ही भीती ताजी असतानाच, महिन्याभराच्या आत, 'रिटा' नावाचे वादळ टेक्सासकडे निघाले. ह्यूस्टन व भोवतालच्या प्रदेशातून पंचवीस ते तीस लाख लोक एकाच वेळी रस्त्यावर आले. मोटारी तासन्‌तास जागच्या हलेनात, उकाडा असह्य झाला, इंधन संपले. वृद्धाश्रमातील माणसांना घेऊन निघालेल्या एका बसला आग लागून २३ जण मेले. त्या प्रवासात एकंदर शंभरावर मृत्यू झाले. वादळ मात्र पूर्वेकडे वळले आणि ह्यूस्टन जवळजवळ कोरडे राहिले. बारा वर्षांनी, २०१७ मध्ये, 'हार्वे' आले तेव्हा तेथील महापौरांनी शहर रिकामे करण्याचा हुकूम दिला नाही. पाऊस इतका पडला की रस्त्यांच्या नद्या झाल्या, आणि त्यांच्यावर टीका झाली. परंतु त्या पुरात लाखो मोटारी महामार्गावर अडकल्या असत्या तर काय झाले असते, याचे उत्तर टीकाकारांनी दिले नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: 'शहर हलवावे की नाही' हा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. सारे शहर कधीच हलवावयाचे नसते. पाण्याच्या वाटेत कोण आहे, कच्च्या घरात कोण आहे, आणि पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर कोण सुरक्षित राहू शकेल, हे आधी ठाऊक पाहिजे. पाण्यापासून पळावे आणि वाऱ्यापासून लपावे, हा जुना नियम आहे. ओरिसाने १९९९ नंतर हेच केले. आपत्ती निवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि किनाऱ्याजवळच्या गावांत आठशेहून अधिक निवारे उभे राहिले. त्यांतील पुष्कळ इमारतींत एरवी शाळा भरते. ही क्लृप्ती मला फार शहाणपणाची वाटते, कारण ज्या इमारतीत मूल रोज जाते तेथे रात्री जाण्याचे आईला भय वाटत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' गोपाळपूरवर आले तेव्हा सुमारे दहा लाख माणसांना हलविण्यात आले. मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. २०१९ च्या 'फनी'च्या वेळी हलविलेल्यांचा आकडा बारा लाखांच्या घरात गेला.

तरीही काही लोक निघत नाहीत. कोणाची म्हैस गोठ्यात असते, कोणाची होडी किनाऱ्यावर. घराला कुलूप लावून गेल्यास चोरी होईल ही भीती तर सर्वत्र आहे. पोलिसांची काठी येथे उपयोगाची नाही. जनावरे कोठे बांधता येतील आणि घरावर कोण लक्ष ठेवील, एवढे सांगणारा गावातलाच एखादा ओळखीचा मनुष्य अधिक उपयोगाचा. समुद्रावरील माणसांचा प्रश्न तर आणखी वेगळा. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाच्या वेळी मुंबईपासून दूर असलेल्या तेलक्षेत्रातील कामगारांचे एक तरंगते निवासस्थान पूर्वसूचना मिळूनही बंदरात परतले नाही. त्यावर २६१ जण होते; त्यांतील सत्तरच्या आसपास बुडाले. काम बंद ठेवण्याचा खर्च त्या दिवशीच कागदावर दिसत होता. दुसरा खर्च दिसत नव्हता.

पुण्याच्या लोकांना हे सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. धरण संकटात आहे हे तेथे वाळूची पोती रचणाऱ्या जवानांना ठाऊक होते, पण शहरातील बहुसंख्यांना ते कळले पाणी जवळ आल्यावर. घबराट पसरेल या भयाने बातमी दाबून ठेवण्याची अधिकाऱ्यांची प्रवृत्ती सर्व देशांत आढळते. मला मात्र असे दिसते की वेळेवर खरे सांगितले असता लोक सहसा गोंधळत नाहीत. ते उशिरा कळल्यावर गोंधळतात.

आपल्या व्यवसायाशी निगडित असा एक मुद्दा उरतो. कोक भट्टी वाटेल तेव्हा विझवता येत नाही, हे मी आपणांस काय सांगावे! ती थंड झाली तर आतील विटांना तडे जातात. म्हणून शहर रिकामे होत असताना काही माणसांना मागे राहावेच लागते: भट्टीवर, वीजघरात, रुग्णालयात, बंदराच्या नियंत्रण कक्षात. 'हुदहुद'मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याची वीज गेली आणि उत्पादन ठप्प झाले. विमानतळाचे छप्पर उडाले. वादळाचा डोळा शहरावरून गेला. तेव्हा काही काळ वारा पडतो आणि लोक संपले म्हणून बाहेर येतात. मग तो उलट दिशेने पुन्हा सुटतो. मागे ठेवलेल्या माणसांना हे शिकविलेले असले पाहिजे, आणि त्यांची कुटुंबे सुरक्षित स्थळी पोहोचली आहेत हे त्यांना कळले पाहिजे. नाहीतर हात यंत्रावर आणि मन घराकडे, अशी स्थिती होते.

जाता जाता 'हुदहुद'ची पुढील हकीकत सांगतो. ते आपल्या डोक्यावरून गेले, क्षीण झाले, आणि दोन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, नेपाळातील अन्नपूर्णा पर्वताच्या वाटांवर हिमवादळ होऊन कोसळले. विशाखापट्टणमपासून सुमारे बाराशे किलोमीटरांवर चाळीसहून अधिक माणसे त्यात गेली: गिर्यारोहक, वाटाडे, याकपाळ. विशाखापट्टणमच्या कोळीवाड्यांना चार दिवस आधी इशारा मिळाला होता. थोरोंग घाटाच्या वाटेवर चालणाऱ्यांना तो कोणी दिला नव्हता.