खाडीची पैसेवारी

जिंतूर तालुक्यातून आलेले मच्छीमार बंधू-भगिनी, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते संशोधक विद्यार्थी मित्रहो,

मी इथे स्वागताध्यक्ष या नात्याने उभा आहे. कुणी मुंबईहून रात्रीच्या देवगिरीने आलात, कुणी रत्नागिरीहून गाड्या बदलत आलात. उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयाची मंडळी तर शेजारघरचीच.

समुद्रातल्या अर्थकारणात न्याय कुणाच्या वाट्याला येतो, या विषयावरची परिषद परभणीत भरणार असं कळल्यावर मोंढ्यातल्या माझ्या स्नेह्यांनी विचारलं, आपला समुद्राशी काय संबंध? मी जिनिंगच्या धंद्यातला माणूस, म्हणून धंद्यातूनच उत्तर देतो. मानवत, सेलू, परभणीचा कापूस सरकी काढून गाठीत बांधला जातो. त्यातल्या परदेशी जाणाऱ्या कितीतरी गाठी न्हावा-शेव्याच्या बंदरातून जातात. सोयाबीनची पेंडही त्याच वाटेने जाते. बंदराला जहाज लागलं नाही तर इथला भाव पडतो. मग त्या बंदराच्या जागी आधी कोण राहत होतं, हे विचारायची जबाबदारी आपल्यावरही येते.

हे बंदर १९८९ साली सुरू झालं. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि माणसं उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली. तिथली घरं वाळवीने पोखरली, आणि पुनर्वसनाचं भांडण बापाकडून मुलाकडे गेलं. गेलेली जमीन निदान सातबाऱ्यावर दिसते. खाडी कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते. भराव पडला, भरतीचं पाणी अडलं, तिवरं गेली, होडीची वाट बंद झाली, तर त्या नुकसानीची ओळ तलाठ्याच्या दप्तरात कुठे लिहायची?

उरण परिसरातल्या पारंपरिक मच्छीमारांनी हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी पुण्याच्या खंडपीठाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई द्यावी, असा आदेश दिला. बोजा बंदराची जेएनपीटी, तसंच ओएनजीसी आणि सिडको यांच्यावर टाकला. हिशोब केला तर कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार रुपये होतात. मला या आकड्यापेक्षा त्याच्या आधीचं काम मोठं वाटतं. पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत गेली हे कागदावर आणायचं कसं? मासळीची पावती नाही, वजनाची नोंद नाही.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना पैसेवारी चांगली ठाऊक आहे. पीक कापणी प्रयोग होतो, त्यावरून पिकाची पैसेवारी ठरते, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की गावाला दुष्काळाच्या सवलती मागता येतात. ती पद्धत अपुरी आहे, तिच्यावरून आम्ही मोर्चेही काढले आहेत. तरी मोर्चा काढायला हातात एक आकडा तरी असतो. १९७२ पासून इथलं कृषी विद्यापीठ कोरडवाहू जमिनीचा अभ्यास करत आलं आहे. पण खाडीची पैसेवारी कोण काढणार? संशोधक मित्रहो, माझ्या मते ते काम तुमचं आहे.

आणि ते करताना कोण सुटतं आहे तेही पाहा. बोट बहुधा पुरुषाच्या नावावर असते. चिखलात उतरून निवट्या, कालवं, खेकडे गोळा करणारी बाई, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकणारी बाई, यांच्या नावावर काहीच नसतं. नुकसानीची यादी बोटींवरून केली तर या बायका यादीत येणारच नाहीत. डहाणूजवळच्या वाढवण इथल्या सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तिथल्या घरोघरची आजची मिळकत आजच नोंदली गेली पाहिजे. वीस वर्षांनी लवादापुढे आठवणी सांगत उभं राहण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, ही माझी कळकळीची इच्छा आहे.

आता पुन्हा मोंढ्यातल्या त्या प्रश्नाकडे येतो. समुद्रावर फक्त काठावरच्यांचा हक्क, असं जगाचा कायदाही मानत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारात किनारा नसलेल्या देशांनाही समुद्रापर्यंत जाण्याची वाट आणि शेजारच्या समुद्रातल्या शिल्लक मासळीत न्याय्य वाटा ठेवला आहे. नेपाळसारख्या देशाला जर त्यात बोलण्याचा अधिकार आहे, तर परभणीलाही आहे. मात्र हक्क सांगणाऱ्याने स्वतःच्या घरातही डोकावलं पाहिजे. आमच्या येलदरीच्या जलाशयावर, पूर्णा-दुधनेच्या पाण्यावर भोई समाजाची घरं जगत आली. तलावाचा ठेका मच्छीमार सोसायटीच्या नावाने आणि कारभार पैसेवाल्याच्या हाती, ही तक्रार राज्यात ठिकठिकाणी ऐकू येते. समुद्रातलं मोठ्या जहाजांचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर ते छोट्या रूपात इथे पाहायला मिळेल. उद्या सकाळी येलदरीला जायची सोय केली आहे. ज्यांना जमेल त्यांनी अवश्य यावं.

एक मागणी वडीलकीच्या अधिकाराने करतो. ज्यांच्या ओट्यावर बसून तुम्ही मुलाखती घेता, त्यांच्या हातात तुमचा प्रबंध मराठीत पडू द्या. सगळा नको, वीस पानांचा सारांश चालेल. लवादात, ग्रामसभेत, तहसीलदारापुढे तो त्यांना दाखवता आला पाहिजे.

जेवणात ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा आहे. येलदरीचा मासाही आहे, आणि तो इथे बसलेल्या मच्छीमारांच्या सोसायटीकडूनच, रोख पैसे देऊन घेतला आहे. मुक्कामाच्या खोल्या साध्या आहेत. काही कमी पडलं तर स्वयंसेवकांना निःसंकोच सांगा.

आता सत्र सुरू करावं, अशी अध्यक्षांना विनंती करतो. पहिल्या निबंधानंतर प्रश्नांची वेळ येईल, तेव्हा माईक आधी जिंतूरहून आलेल्या मच्छीमारांकडे द्यावा.