पावसाचें जुनें दप्तर



मृग कोरडा गेला म्हणजे गांवच्या पारावर एक वाक्य हमखास ऐकूं येतें : "असें साल आम्हीं पूर्वीं कधीं पाहिलें नाहीं." तें खोटें नसतें, परंतु त्याची साक्ष किती वर्षांची? बोलणाराच्या वयाची, फार तर त्याच्या आजोबांच्या आठवणीची. सरकारी नोंदी याहून मागें जातात खऱ्या, पण त्यांनाहि मर्यादा आहे. आपल्या देशाचें हवामानखातें इ. स. १८७५ मध्यें स्थापन झालें. म्हणजे देशभरच्या पावसाचा पद्धतशीर हिशेब सुमारें दीडशें वर्षांचाच. त्यापूर्वीं पाऊस कसा पडत असे, अवर्षणें किती वेळां आलीं आणि एकदां आलीं म्हणजे किती वर्षें टिकलीं, हें कोणास विचारावें? आज मला अशा एका साक्षीदाराची ओळख करून द्यावयाची आहे, कीं ज्यानें ही सारी हकीकत स्वतःच्या अंगांतच लिहून ठेवली आहे. तो साक्षीदार म्हणजे वृक्ष.

लाकडाच्या वखारींत आडवा कापलेला ओंडका आपण सर्वांनीं पाहिला असेल. त्याच्या कापावर एकांत एक अशीं वलयें दिसतात. साल आणि लाकूड यांच्या मध्यें जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. वाढीचा हंगाम सुरू झाला म्हणजे हा थर आंतल्या बाजूस मोठ्या व पातळ भिंतींच्या पेशी घालतो. तें लाकूड फिकें दिसतें. हंगाम सरत आला म्हणजे पेशी लहान व जाड भिंतींच्या होतात. तें लाकूड गडद दिसतें. पुढें वाढ थांबते. फिका व गडद असे दोन पट्टे मिळून एका वर्षाचें एक वलय होतें. कोरड्या मुलखांत ज्या वर्षीं पाणी मुबलक, त्या वर्षीं वलय रुंद. ज्या वर्षीं तें तुटपुंजें, त्या वर्षीं अरुंद. महसूलखातें पिकाची आणेवारी ठरवितें. झाड आपली आणेवारी दरसाल स्वतःच लिहितें, आणि तींत कोणाची भीड किंवा वशिला चालत नाहीं. ओल्या व कोरड्या सालांचा वलयांशीं असलेला हा संबंध लिओनार्दो द व्हिंची या इटलींतील थोर कलावंतानें पांचशें वर्षांपूर्वींच टिपून ठेवला होता. परंतु त्याचें शास्त्र होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

तें शास्त्र ज्यांनीं उभारलें ते गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते, ज्योतिर्विद होते, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. अँड्र्यू एलिकॉट डग्लस यांचा जन्म १८६७ चा. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत फ्लॅगस्टाफ येथें एक वेधशाळा आहे; तेथें त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें. सूर्यावरील डाग सुमारें अकरा वर्षांच्या फेऱ्यानें वाढतात व कमी होतात. या फेऱ्याचा पृथ्वीवरील पाऊसपाण्यावर परिणाम होतो कीं काय, हें त्यांना पाहावयाचें होतें. त्यासाठीं शेंकडों वर्षांच्या नोंदी हव्या होत्या, आणि त्या मुलखांत तितक्या जुन्या नोंदी नव्हत्याच. तेव्हां त्यांची दृष्टि तेथील पाइन वृक्षांकडे वळली. इ. स. १९०४ मध्यें त्यांनीं लाकूड कापण्याच्या गिरणींतले ओंडके तपासावयास आरंभ केला.

ओंडक्यामागून ओंडका पाहतांना त्यांना दिसून आलें, कीं रुंद व अरुंद वलयांचा तोच तो क्रम पुनः पुनः येत आहे. इतकेंच नव्हे, तर कित्येक मैलांवरील प्रेस्कॉट गांवच्या झाडांतहि तोच आहे. एखादें झाड किडीनें किंवा आगीनें खुरटलें, तर त्याचें तें दुःख त्याच्यापुरतें. पण विस्तीर्ण प्रदेशांतील शेंकडों झाडें एकाच सालीं खुरटलीं, तर त्याचें कारण आकाशांतच शोधावें लागतें.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेतली पाहिजे. नुसतीं वलयें मोजलीं म्हणजे काम झालें असें नाहीं. अति कडक अवर्षणांत झाड कधीं कधीं खोडाच्या कांहीं भागांत वलय घालीतच नाहीं. उलट, हंगामाच्या मध्येंच पाऊस दडी मारून पुनः आला, तर एका वर्षांत दोन वलयांचा भास होतो. मोजणारा एका वर्षानें चुकला, कीं त्याच्या मागचीं सर्व सालें चुकतात. म्हणून अनेक झाडांचे क्रम शेजारीं शेजारीं ठेवून ते ताडून पाहावे लागतात. न्यायालयांत एका साक्षीदाराच्या तोंडून निसटलेलें दुसऱ्याच्या जबानींत सांपडतें, तसाच हा प्रकार. डग्लस यांची खरी कामगिरी या उलटतपासणींत आहे.

या ताळ्यामुळें आणखी एक मार्ग मोकळा झाला. जिवंत झाडाचीं आंतलीं, म्हणजे बालपणींचीं वलयें एखाद्या जुन्या घराच्या तुळईंतील बाहेरच्या वलयांशीं जुळलीं, तर ती तुळई कोणत्या सालच्या झाडाची हें कळतें. आणि तिच्या आंतल्या वलयांवरून आणखी मागें जातां येतें. न्यू मेक्सिको राज्यांत चाको नांवाच्या दरींत प्वेब्लो बोनितो हें मूळ रहिवाशांनीं बांधलेलें शेंकडों खोल्यांचें दगडी गांव ओसाड पडलें आहे. तें केव्हां बांधलें, हें कोणास सांगतां येत नव्हतें. तेथील व इतर पडक्या गांवांतील तुळयांवरून डग्लस यांनीं ५८५ वर्षांची एक साखळी जुळविली. पण ती अधांतरीं होती. जिवंत झाडांपासून मागें नेलेली दुसरी साखळी तिला मिळत नव्हती. अखेर २२ जून १९२९ रोजीं ॲरिझोनांतील शो लो या गांवीं एक जळकी तुळई उकरतांना मिळाली. कोळसा झाला तरी वलयें शाबूत राहतात. त्या तुळईंत १२३७ पासून १३८० पर्यंतचीं वलयें होतीं, आणि तिनें दोन्ही साखळ्या जोडून दिल्या. एका रात्रींत हिशेब इ. स. ७०० पर्यंत मागें गेला. प्वेब्लो बोनितोच्या तुळया दहाव्या शतकापासून बाराव्या शतकाच्या आरंभापर्यंत तोडल्या गेल्या, असें ठरलें. त्याचबरोबर १२७६ ते १२९९ असें दीर्घ अवर्षणहि त्या वलयांत उमटलेलें दिसलें. जवळच्या मेसा व्हर्दे येथील कड्याच्या कपारींतलीं घरें लोकांनीं याच सुमारास कायमचीं सोडलीं. त्याचें सारें खापर अवर्षणावर फोडावें असें विद्वान् म्हणत नाहींत. पण अवर्षण वगळून तो इतिहास लिहितां येत नाहीं, हें सर्वांस मान्य आहे.

आतां या कामासाठीं झाड तोडावें लागत नाहीं. पोकळ गिरमिटानें खोडांतून शिसपेन्सिलीएवढी बारीक कांडी काढतात; झाड जगतें. झाडाची निवड मात्र पारखून करावी लागते. नदीकांठचें सुखवस्तु झाड सर्व सालें सारखींच लिहितें. खडकाळ उतारावर कसेंबसें तग धरून राहिलेलें झाडच प्रत्येक सरीची आठवण ठेवतें. झाड लहानपणीं रुंद व म्हातारपणीं अरुंद वलयें घालतें, तो वयाचा भाग वजा करावा लागतो. त्यानंतर अलीकडच्या पर्जन्यमापकांच्या आंकड्यांशीं वलयें ताडून, एवढ्या रुंदीस एवढा पाऊस, असें प्रमाण बसवितात. आणि तें प्रमाण खरें कीं खोटें, हें मुद्दाम बाजूस ठेवलेल्या वर्षांवर तपासून मगच मागच्या शतकांकडे जातात.

या सर्व खटाटोपाचा आपल्या पोटापाण्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर त्याच मुलखांतील कोलोरॅडो नदीनें दिलें आहे. सात राज्यें या नदीच्या पाण्यावर हक्क सांगतात. इ. स. १९२२ च्या नोव्हेंबरांत त्यांच्या प्रतिनिधींनीं एका करारावर सह्या केल्या. एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभें राहील एवढें पाणी म्हणजे एक एकर-फूट. वरच्या खोऱ्यास वर्षाला ७५ लाख एकर-फूट व खालच्या खोऱ्यास ७५ लाख, अशी वांटणी झाली; पुढें १९४४ च्या तहानें मेक्सिको देशास १५ लाख देण्याचें ठरलें. एकूण १६५ लाख. वांटणी करतांना आधार होता तो त्यापूर्वींच्या सुमारें वीस वर्षांच्या मापांचा. १९७६ मध्यें स्टॉक्टन व जेकोबी या दोन शास्त्रज्ञांनीं खोऱ्यांतील झाडांच्या वलयांवरून नदीचा चारशें वर्षांहून अधिक काळाचा प्रवाह काढला. त्याची सरासरी भरली सुमारें १३५ लाख! करारापूर्वींचीं तीं वर्षें म्हणजे कित्येक शतकांतील अत्यंत ओल्या काळांपैकीं एक काळ होता. भाऊबंदांनीं विहिरीच्या पाण्याचें वांटणीपत्र केलें, सह्या झाल्या, साक्षी झाल्या. पण विहिरींत तेवढें पाणीच नव्हतें.

याचे परिणाम आज तेथील लोक भोगीत आहेत. इ. स. २००० ते २०२१ हीं बावीस वर्षें त्या प्रदेशांत निदान इ. स. ८०० पासूनचीं सर्वांत कोरडीं ठरलीं, असें वलयांच्याच आधारें २०२२ मध्यें प्रसिद्ध झालें; आणि मनुष्यानें वाढविलेल्या उष्णतेचा या कोरडेपणांत मोठा वांटा आहे, असेंहि त्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें. त्याच वर्षीं हूव्हर धरणाचा जलाशय, तो १९३० नंतरच्या दशकांत प्रथम भरला तेव्हांपासूनच्या नीचांकास गेला. करार करणारे अप्रामाणिक नव्हते. त्यांची आठवण तोकडी होती, एवढाच त्यांचा दोष.

ही विद्या आपल्याकडे कितपत चालते? थंड देशांत हिंवाळा वाढ थांबवितो, म्हणून वलयें रेखीव होतात. उष्ण प्रदेशांतील पुष्कळ झाडांत तीं अस्पष्ट असतात, आणि नारळाच्या खोडांत तर मुळींच नसतात. पण आपला साग कोरड्या दिवसांत पानें टाकून विसावा घेतो, आणि त्यामुळें त्याचीं वलयें स्पष्ट उमटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं ठाण्याच्या बाजूच्या सागवृक्षांचा अभ्यास १९८३ मध्यें प्रसिद्ध केला. २०१० मध्यें त्याच संस्थेकडून केरळांतील सागांची ५२३ वर्षांची नोंद पुढें आली. पॅसिफिक महासागराचें पाणी तापून आपला पाऊस हटतो, अशा सालांचा ठसा त्या सागांच्या अरुंद वलयांत सांपडला. त्याच वर्षीं आशिया खंडांतील तीनशेंहून अधिक ठिकाणच्या वलयांवरून सातशें वर्षांच्या अवर्षणांचा नकाशाहि तयार झाला. त्यांत १७९० ते १७९६ चें अवर्षण आहे, आणि दख्खनला उपाशी मारणारा १८७६ ते १८७८ चा काळहि आहे. हवामानखातें निघून वर्ष होतें न होतें, तोंच तो दुष्काळ आला. दप्तराचें पहिलेंच पान असें. मग त्याच्या आधींचीं पानें किती महत्त्वाचीं असतील, याचा विचार आपणच करावा.

आपण धरणें बांधतों, कालवे काढतों, ऊंस किती लावावा हें ठरवितों, तें सर्व तीस-चाळीस वर्षांच्या सरासरीवर. सरासरी खोटी नसते. पण ती कोणत्या वर्षांची, हें विचारण्याची संवय आपणांस लागली पाहिजे. आणि एक लहानशी विनंती. गांवोगांवचे जुने वाडे आज पाडले जात आहेत, आणि त्यांच्या सागवानी तुळया रंध्याखालीं जाऊन त्यांचीं टेबलें-खुर्च्या होत आहेत. चौरस तासलेल्या तुळईचीं बाहेरचीं वलयें गेलेलीं असतात, हें खरें. तरी तिच्या आंतलीं वलयें शे-दीडशें पावसाळ्यांची हकीकत सांगूं शकतील. असा वाडा उतरवितांना तुळईच्या टोकाची चार बोटें जाडीची एक चकती कापून, तिच्यावर गांवाचें व वाड्याचें नांव लिहून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयास कळवावें. सुताराचें त्यांत कांहीं जात नाहीं. ती चकती वाचणारा आज भेटला नाहीं, तरी उद्यां भेटेल. चकतीच जळून गेली, तर मात्र कोणीच वाचूं शकणार नाहीं.