डब्यावरचे अक्षर

१९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधली रात्र भोपाळ शहर विसरू शकत नाही. कीटकनाशकांच्या कारखान्यातील एका टाकीत पाणी शिरले आणि मेथिल आयसोसायनेट हा विषारी वायू निजलेल्या वस्तीवर पसरला. हजारो माणसे दगावली. लोक घरे सोडून धावत सुटले. धावण्याने श्वास वाढला आणि श्वासाबरोबर विषही पोटात गेले. तोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी गोष्ट त्यांना आधी कोणी सांगितलेली नव्हती. आपण कोणत्या विषाशी झुंजत आहोत, हे रुग्णालयातील डॉक्टरांनाही त्या रात्री नीट कळले नाही. वायू घातक होताच; अज्ञानाने त्याला हात दिला.

या आघातानंतर १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक पदार्थांची व त्यांपासून बचाव कसा करावा याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या रहिवाशांना देणे मालकांवर बंधनकारक झाले. पुढे २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी साऱ्या जगासाठी एक समान पद्धती प्रसिद्ध केली. कोनावर उभा केलेला चौकोन, त्याला लाल किनार आणि आत काळे चित्र, अशी तिची नऊ चिन्हे आहेत.

परंतु चित्र छापले म्हणजे अर्थ पोहोचला, असे मात्र नव्हे. नुसती ज्वाला दिसली, तर तो पदार्थ स्वतः पेट घेणारा. ज्वालेखाली वर्तुळ असेल, तर तो दुसऱ्याच्या आगीला बळ देणारा. हा भेद शिकविल्यावाचून कळत नाही. शिवाय पिंपावरची चिठ्ठी पिंपावरच राहते. त्यातले आम्ल सोयीसाठी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतले, की त्या बाटलीला नाव उरत नाही. तहानलेला माणस ती तोंडाला लावू शकतो. फरशी धुणारा तेच आम्ल ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात मिसळू शकतो. तसे झाल्यास क्लोरीन वायू सुटून जीव गुदमरतो.

म्हणून दुसऱ्या भांड्यात पदार्थ काढताच त्यावर नाव आणि धोका, दोन्ही लिहावे, आणि ते तेथे काम करणाऱ्यांच्या भाषेत लिहावे. ज्याला वाचता येत नाही, त्याला ते प्रत्यक्ष दाखवून समजावावे. समजावून झाल्यावर मुकादमाने ‘कळले ना?’ असे विचारू नये. संकोचापोटी माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी ‘हे अंगावर सांडले, तर तुम्ही आधी काय कराल?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत झाकण उघडू देऊ नये.